कंबरेचा घेर

विंझरच्या सोनबाच्या कंबरेला नागीण उठली. तिचं तोंड अन् शेपटी भेटली की माणूस संपला, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून अंबूबाईनं नवऱ्याची कंबरच वाढवायला घेतली, म्हणजे नागिणीला वेढा पुरायचा नाही. आठ दिवस ती डोळे पुसत त्याला तूप-गूळ चारत होती अन् तो कण्हत कण्हत खात होता. शेवटी भोरला, संस्थानच्या दवाखान्यात पुण्याचे कातडीचे डॉक्टर आले, तेव्हा तिनं त्याला तिथं नेलं.

"सोनबा, ही पाठीचा कणा ओलांडत नाही. एकाच अंगाला राहते. मलम लावा, महिन्यात बरे व्हाल."

सोनबानं दाराबाहेर बसलेल्या बायकोकडं चोरून पाहिलं.

"डाक्टरसाहेब, तिला येवढं उद्या सांगा. आज घरी कोंबडं कापायचं ठरलंय."