मागे पडलेली तारीख

"काय आप्पाजी, परत विसरलात?"

महादेवपुऱ्याच्या ऑफिसात दर सोमवारी गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आप्पाजींचं लॉगिन अडलं, की आयटीतली मैत्रेयी चारचौघांत हसायची आणि नवा पासवर्ड देऊन जायची.

आज तिने कॉम्प्युटर उघडला, तर आतला तारीख-वेळ जपणारा बटणाएवढा सेल मेलेला. रविवारी वीज बंद राहिली की तारीख मागे जायची, आणि ती आपोआप जुळेपर्यंत नेटवर्क त्यांना दारातच अडवायचं. पासवर्ड बिचारा दरवेळी बरोबरच होता.

"चूक तुमची नव्हतीच, आप्पाजी," मान खाली घालून ती कसंबसं म्हणाली.

आप्पाजींचा चेहरा उजळला.



"बरं झालं, अक्का! मग डॉक्टरांनी विसरण्यावर दिलेल्या गोळ्या आता बंद करू न्हवं?"