निळ्या स्कर्टची दुमड

"हा टाका माझा नाही," ती म्हणाली आणि शाळेचा निळा स्कर्ट उलटा करून तिने समुपदेशक बाईंच्या टेबलावर आपटला. पेनांचा डबा कलंडला. बाईंनी तो सरळ केला.

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. नवरा म्हणजे कागदोपत्री. घटस्फोटाची शेवटची तारीख पुढच्या महिन्यात होती. दहा वर्षं ज्याला 'अहो' म्हटलं, त्याला ती आता 'हा माणूस' म्हणायची, आणि तेही बाईंकडे बघून. दोघांना एकमेकांचं काही नको होतं. भांडण उरलं होतं ते बिट्टीचं. नऊ वर्षांची बिट्टी आठवडाभर आईकडे राहायची, शनिवारी दप्तर आणि युनिफॉर्म घेऊन बापाकडे जायची आणि सोमवारी तिकडूनच शाळेत. बापाला तिचा पूर्ण ताबा हवा होता. आईला हा शनिवार-रविवारचा मुक्काम कायमचा बंद करून हवा होता. आजच्या भेटीनंतर बाई अहवाल लिहिणार होत्या.

"या माणसाने लिहून दिलंय, की घरात तो एकटा असतो. मग ही दुमड कोणी सोडली? याला शर्टाचं बटण लावता येत नाही. घरात बाई आणून ठेवलीय आणि ती माझ्या पोरीचे कपडे शिवतेय. ते पण असे."

तिचं स्वतःचं शिवणकामाचं दुकान होतं, चौदा वर्षांचं. बिट्टीच्या प्रत्येक स्कर्टच्या दुमडीत ती चार बोटं कापड जास्त ठेवायची. मूल वाढलं की टाके उसवायचे, कापड खाली सोडायचं आणि पुन्हा हातशिलाई घालायची. हे काम तिचं होतं. आईचं. काल स्कर्ट धुवायला घेतला, तर कुणीतरी ते परस्पर उरकलेलं. निळ्या कापडाला काळा दोरा, तोही दुहेरी, आणि गाठी हरभऱ्याएवढ्या. तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि लक्ष नाही म्हणे कुणाचं? तिचं. याच माणसाने दोन महिन्यांपूर्वी अर्जात लिहिलं होतं, की मुलीला बूट घट्ट होतात, आईचं तिच्याकडे लक्ष नाही. परिच्छेद सातवा. तो वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच संध्याकाळी तिने दोन नंबर मोठे बूट आणले, म्हणजे पुन्हा कुणाची बोलायची टाप नको. बिट्टी त्यात पुढे कापूस कोंबून शाळेत जात होती.

"घरात कुणी नाही," नवरा म्हणाला. "मला वाटलं, हिनेच केलंय ते."

"मी? काळ्या दोऱ्याने?" ती हसली, पण त्या हसण्याने बाई जरा मागे सरकल्या. "अहो बाई, डोळे बांधून शिवलं तरी माझा टाका याहून सरळ जाईल. दुकानात तिघीजणी होत्या माझ्या हाताखाली. कुठला ब्लाउज कुणी शिवला, ते नुसतं बोट फिरवून सांगायचे मी. टाक्यावरून माणूस ओळखते."

"मग ओळखा," बाई म्हणाल्या. त्यांना ही भेट लवकर आटपायची होती, एवढंच.

तिने तोऱ्यातच दुमडीवर बोट फिरवलं. निम्म्यावर ते थांबलं. तिने बोट पुन्हा पहिल्या गाठीशी नेलं, मग स्कर्ट उचलून खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या हाताने शिवणारं माणूस उजवीकडून डावीकडे जातं आणि त्याचे टाके एका बाजूला कलतात. हे सगळे उलट्या बाजूला कलले होते. प्रत्येक दोऱ्याची सुरुवातीची गाठही डाव्या टोकाला होती. शिवणाऱ्याची सुई डाव्या हातात होती. रागाच्या भरात काल तिला वेडेवाकडे टाके तेवढे दिसले होते.

ती उजवी होती. तोही उजवाच.

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर बिट्टी चित्र काढत बसली होती. मोठे बूट जमिनीला टेकत नव्हते. पेन्सिल डाव्या हातात होती आणि तळहाताची कड नेहमीसारखी काळी झाली होती. पहिलीत असताना वर्गशिक्षिकेने तो हात बदलायला सांगितला, तेव्हा शाळेत भांडायला दोघं मिळून गेले होते.

नवऱ्यानेही दाराकडे पाहिलं.

"बिट्टी, आत ये जरा," आईने हाक मारली.

बिट्टी आली. टेबलावरचा स्कर्ट दिसला तशी दारातच थबकली.

"हे तू शिवलंस?"

"शाळेत म्हणाले, आखूड झालाय. घरी सांग."

"मग मला सांगायचंस ना, राणी."

"नाहीतर मला," बाप म्हणाला.

बिट्टीने आईकडे पाहिलं नाही, बापाकडेही नाही. ती बाईंच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. बाईंनी ते खाली ठेवेपर्यंत ती थांबली.

"बूट घट्ट होतात असं बाबांना सांगितलं, तर ते कोर्टात गेलं," ती म्हणाली. "स्कर्टचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं."