कुपीतला ससा

शुक्रवारी आनंदनगरच्या प्रयोगशाळेत लाइट जाणार म्हणून तेजस्वीने अँटिबॉडीची इवलीशी कुपी बेलवलीला घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. नातीसोबत एबीसीडी गिरवलेल्या सासूबाईंनी, माईंनी, कुपीवरचं ‘रॅबिट’ वाचलं. एकादशीला घरात ससा. त्यांनी कुपी दिवसभर बाल्कनीत उन्हात ठेवली आणि सून यायच्याआधी गुपचूप जागेवर नेऊन ठेवली. सोमवारी तेजस्वी जेवायला बसली ती रडवेलीच. “माई, ज्या प्रथिनामुळे पेशीला वर-खाली कळतं ते कुपीतल्या औषधाने चमकायचं. मायक्रोस्कोपखाली सगळा काळोख. सहा महिने पाण्यात. माझाच हात चुकला. उद्या सरांना सांगते.” माईंनी आमटी वाढली. “सशाला मारून करतात गं ते?” “नाही हो, नुसतं रक्त घेतात. पण सशाचं तुम्हाला कोणी सांगितलं?” माईंनी डाव खाली ठेवला. “आर फॉर रॅबिट. हात माझा चुकला. सरांना माझं नाव सांग.”