उम्म सुहैबचा लाल थोब

फिक्रियाने टबात हात घातला आणि जावेचा पायघोळ थोब हिसकून बाहेर काढला. घेराची कड तेवढी भिजली होती. निळं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत राहिलं.

"नको. राहू दे," ती म्हणाली.

उम्म सुहैब टबापाशी उकिडवीच बसून होती. "अहो जाऊबाई, तुम्हीच तर म्हणत होतात."

म्हणत होती! फिक्रिया वर्षभर हात धुऊन मागे लागली होती. धाकट्या जावेचा सुहैब होडीत बसून समुद्रापलीकडे निघाला, त्यानंतर त्याचा पत्ता नाही. खलील शहराजवळच्या डोंगरातल्या त्या गावात घरातलं माणूस गेलं की बाई आपला भरतकामाचा थोब निळीत बुडवते. लग्नासाठी कुवारपणी स्वतः भरलेले लाल टाके काळपट होतात आणि बघणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. सुहैबची आई म्हणूनच गाव तिला उम्म सुहैब म्हणायचं; ती बुडवेना. "निळीत घातला की मीच त्याला मारल्यासारखं होईल," म्हणायची. मग फिक्रियाचा तोंडाचा पट्टा सुटायचा. "अगं, पोरगा समुद्रात आणि तुझ्या छातीवर भरलेली सुरूची झाडं अजून लालेलाल! लोक तोंडात शेण घालतील."

शेवटी काल, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, उम्म सुहैबने मान तुकवली. व्याह्यांकडच्या बायकांपुढे शोभा नको, एवढ्यासाठीच. पोरगा जिवंत आहे हा हट्ट तिने सोडला नव्हता.

आणि आज सकाळी, नीळ कालवून होते न होते तोच, फिक्रियाच्या नवऱ्याला फोन आला. त्याच होडीतला एक मुलगा परदेशातल्या तुरुंगातून सुटला होता. सुहैब त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. आता शंकेला जागा नव्हती.

सुहैबचा बाप अंगणातल्या भिंतीला टेकून खाली बसला. मग तोच म्हणाला, "अरीजची पाठवणी होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. तिच्या आईपाशी तर मुळीच नाही."

त्याचं तरी काय चुकलं? दुखवटा धरायचा तर लग्न पुढे ढकलावं लागणार. नवरदेवाची कुवेतमधली रजा संपत आलेली. त्यात त्याच्या आत्याला आपल्याच मुलीचं घोडं पुढे दामटायचं होतं. लग्न लांबलं म्हणजे मोडलंच. आणि ही आत्या म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. आई आजच निळ्यात का, हे तिने खोदून खोदून विचारलं असतं, आणि फिक्रियाला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं.

म्हणून फिक्रियाने थोब हिसकला होता. आता ती तो पिळत उभी होती.

"लालच घाल," ती म्हणाली. "एकुलती एक मुलगी तुझी. लोकांचं काय, लोक जेवतील आणि जातील."

उम्म सुहैब तिच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि हात धुवायला गेली. निळे डाग काही जाईनात. ती पुन्हा पुन्हा घासत बसली.

फिक्रियाचा जीव भांड्यात पडला. किती समजवावं लागेल म्हणून तिने मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. भोळी ग बाई, तिला वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तिने इस्त्री तापवली. ओली कड वाळवली, आतल्या बाजूने दुमडून टाचून टाकली.

दुपारी अंगण बायकांनी भरलं. पराती भरभरून भात आणि मटण आलं. आत्या आली ती थेट उम्म सुहैबपाशी. तिने थोब वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"मुलाची काही खबर?"

फिक्रियाने हातातली परात खाली ठेवली.

"येईल की," उम्म सुहैब म्हणाली. "पोरं आईला विसरतात. भूक लागली की आठवण येते."

बायका हसल्या. आत्यालाही हसावं लागलं. मग ढोलकी वाजली आणि सगळ्यांच्या आधी उम्म सुहैबनेच जीभ फिरवून ललकारी दिली. ती नाचली. अरीजला हाताला धरून मधोमध ओढलं आणि घाम निथळेपर्यंत नाचली. बायका टाळ्या पिटत होत्या, "उम्म सुहैब! उम्म सुहैब!" म्हणून ओरडत होत्या. फिक्रिया भांड्यांमागे जाऊन उभी राहिली. रडायची सोय नव्हती आणि बघवतही नव्हतं. एका आईला सगळ्यांनी मिळून फसवलं होतं, आणि त्यात सगळ्यात पुढे ती होती.

ऊन उतरता उतरता पाठवणी झाली. गाडी निघाली. पाहुणे पांगले. दारातून नवऱ्याने फिक्रियाला खूण केली, आता सांग. सांगायचं तिच्यावरच आलं होतं, पुरुषांची छाती झाली नव्हती.

उम्म सुहैब फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. फिक्रिया तिच्याजवळ गेली.

"उम्म सुहैब, ऐक ग..." ती म्हणाली, आणि ते नाव तोंडून निघताच तिला हुंदका आवरेना.

एक तळवा तिच्या तोंडावर घट्ट बसला. दुसरा हात तसाच हलत होता.

"सकाळीच कळलं मला," उम्म सुहैब म्हणाली. तिने मान वळवली नाही. "वर्षभर बुडव बुडव करत होतात, आणि तुम्हीच ओढून काढलात."

 फिक्रिया फाटकाला धरून खाली बसू लागली. उम्म सुहैबने तिला दंडाला धरून उभं केलं.

"हसा, जाऊबाई. गाडी अजून वळणावर आहे. पोर मागे बघते आहे."