आकड्यापुढचं एकक

"अगं, मीटरमध्ये किलोमीटर कसे मिळवतेस? अशानं एक्सची किंमत जन्मात निघणार नाही!" बाबांचा पारा चढला होता. एकाच गणितावर लेक पुन्हा पुन्हा अडखळत होती.

"बाबा, मला कसंतरी होतंय. थर्मामीटर लावला, एकोणचाळीस आलाय."

"एकोणचाळीस? ताप शंभराच्या पुढे असतो. गणित आलं की बरी निमित्तं सुचतात तुला! आकड्यापुढचं एकक बघायला कधी शिकणार?"

लेकीनं पेन्सिल उचलली आणि वहीवरच डोकं टेकवलं.

आरडाओरडा ऐकून आई आली. तिनं लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, पोर तापानं फणफणलीय!" तिनं टेबलावरचा नवा थर्मामीटर उचलून बाबांच्या डोळ्यांसमोर धरला.



"एकोणचाळीसच आहे. पण सेल्सियस! एकक कोण बघणार होतं?"