दुसरी पत्रिका

भोरच्या कोर्टाबाहेर रत्नाच्या वकिलानं दाव्याचा कागद वाचून दाखवला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. आई गेल्यावर वरव्याच्या घराची किल्ली तिनं चुलतभावाकडं दिली होती, सणासुदीला दिवा लावायला. आता तोच मानसिंग समोर उभा राहून म्हणत होता, चौदा वर्षं कब्जा माझा, कुणाची परवानगी घेतली नाही, असा कब्जा बारा वर्षं राहिला की कायद्यानं घर त्याचंच, म्हणून मालक मीच. रत्नानं पिशवीतून हळदीकुंकवाची बोटं उमटलेली लग्नपत्रिका काढून त्याच्यापुढं धरली. सहा वर्षांपूर्वी लेकाच्या लग्नाला अंगण मागायला तोच वेल्ह्याला तिच्याकडं आला होता. तिनं हो म्हटल्यावर छापलेली पहिली पत्रिका देवाला, दुसरी तिला दिली होती. “लगीन कुठं लागलं, वाच मोठ्यांदा.” त्यानं पत्रिका मागं सारली. वकिलानं वाचलं, ‘रत्नाआक्कांच्या घरासमोर, वरवे बुद्रुक.’ मानसिंगचं तोंड एवढंसं झालं. “आक्का, त्ये म्या मान म्हणून छापलं व्हतं.” “मान पोचला. किल्ली दे.”