रुमालाखालचा आकडा

“कमी डोस?” कानिफनाथ खुर्चीवरून उठलेच. “का वो मॅडम? माझी बायको काय अर्ध्या तिकिटाची हाय?”

काचेपलीकडे चांगुणाबाई मशीनच्या फळीवर निजल्या होत्या. अलीकडे कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मधुवंतीने हसू दाबलं. केडगावच्या त्या स्कॅन सेंटरात मशीन नवं होतं, पण गिऱ्हाईक त्याहून नवलाचं होतं. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं. पण चाळीस वर्षं काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली केलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी? कानिफनाथांनी बैलाच्या पोटाला कान लावला, की काल रात्री त्याने कुणाच्या वावरात चोरून तोंड घातलं तेही कळायचं, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तसं सांगायचे.

“काका, मावशींचा वर्षातला हा तिसरा स्कॅन आहे,” मधुवंती म्हणाली. “किरणं जितकी कमी तितकं त्यांना बरं. जुन्या मशीनमध्ये किरणं कमी केली की चित्र रवाळ यायचं. हे मशीन पोटातून आलेला किरण न् किरण मोजून घेतं. म्हणून थोडक्यात भागतं.”

“मोजून?”

“एकूण एक.”

कानिफनाथांचे डोळे बारीक झाले. एका डोळ्याने अधू बैल विकायचा तर दिवस मावळताना, हा धंद्यातला पहिला धडा. कमी उजेड हवा असतो तो काही दाखवायला नव्हे. आणि इथे तर चांगुणाबाईंचं पोट होतं. आधीच्या दोन फोटोंत स्वादुपिंडापाशी गाठीसारखं काहीतरी दिसलं होतं. एक डॉक्टर म्हणे आहे, दुसरा म्हणे नसेलही. असली तर पुण्याला जाऊन पोट फाडायचं. तेव्हापासून चांगुणाबाईंना घास गोड लागत नव्हता, आणि त्या समोर असल्या की घरातली माणसं उगाच हसून बोलायची.

मशीन घुमलं आणि थांबलं. एवढ्या वेळात बैलाचे दातसुद्धा बघून होत नाहीत.

डॉक्टर दत्तोपंत आत आले. तीस वर्षं रवाळ चित्रं वाचून त्यांच्या कपाळाला कायमची आठी पडली होती. पडद्यावर चित्र आलं आणि ती आठी गेली. आतड्याची घडी न् घडी निऱ्यांसारखी मोजता येत होती. ते बराच वेळ चित्र पुढेमागे करत राहिले.

“गाठ नाही,” ते म्हणाले. “आतड्याचं एक वेटोळं स्वादुपिंडाला टेकून बसलंय. जुन्या फोटोत तेच गाठीसारखं दिसत होतं. ऑपरेशनचं काम नाही.”

कानिफनाथ हसले नाहीत. बैल विकणाराही असंच म्हणतो, मारका नाही, खोड नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दत्तोपंतांच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात सरकवला. बाजारात भाव असाच ठरतो. जेवढा आकडा तेवढी बोटं धरायची, तोंड मिटायचं. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही.

“डाक्टरसायेब, हिच्या पोटात आनखी काय दिसतंय?”

“ते मीच विचारणार होतो. जठरात कसल्या तरी बिया आहेत. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं ना?”

“चिंचोके हायेत. सकाळी म्याच दिले घोटभर पान्यासंगं. दुसऱ्याचा काटा तपासायचा तर माप घरचं पायजे. किती हायेत ते बोलू नका. बोटं धरा.”

दत्तोपंतांना गंमत वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची परीक्षा बैलबाजाराच्या रीतीने होत होती. त्यांनी दोनदा मोजलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं, आणि रुमालाखाली कानिफनाथांची सगळी बोटं मुठीत धरली.

चांगुणाबाई लुगडं सावरत दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कानिफनाथांचा चेहरा पडला होता.

“पाच?” ते जवळजवळ ओरडलेच. “अवो, म्या चार दिल्ते! माझ्या हातानं मोजून! जे न्हाई ते ह्ये मशीन दाखवतंय. मंग जे हाय ते झाकत नसंल कशावरून?”

“काका, पाचच आहेत,” दत्तोपंत म्हणाले. “या, बघा.”

“काय बघायचं? चार म्हंजे चार! चल चांगुणे. पुण्याला जाऊ. तिथं फुल डोस देत्याल. ह्या अंधारातल्या फोटूवर माझा इस्वास न्हाई.”

चांगुणाबाई हलल्या नाहीत. त्यांनी मधुवंतीकडे पाहिलं.

“पोरी, किती म्हनलं मशीन?”

“पाच, मावशी. आणि गाठ नाही.”

चांगुणाबाई हळूच खाली स्टुलावर टेकल्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या हसतही होत्या.

“पाचच हायेत,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुमचा सौदा रुमालाखाली ठरतो. मला बरं वाटावं म्हनून तुमी डाक्टरला आकडाबी सांगून ठिवला असता, अन् ‘गाठ न्हाई’ असं बोलायचंबी. म्हनून तुमची पाठ फिरल्यावर आनखी एक चिंचोका म्या गिळला, कुनालाच ठावं नसलेला.”